ख्रिस्ती टीव्हीवरचे तरुणांचे कार्यक्रम: बघणार कोण आणि पैसे देणार कोण?

अमेरिकेत दहा-बारा वर्षांपूर्वी एबीसी फॅमिली नावाचा चॅनल होता, मालक डिस्ने, आणि शाळा-कॉलेजातल्या मुलींमध्ये भयंकर पॉप्युलर. त्यावर 'प्रिटी लिटिल लायर्स' लागायची, म्हणजे मैत्रीण गायब, निनावी मेसेज पाठवून ब्लॅकमेल, शिक्षकाबरोबर लफडं, असा सगळा मसाला. आणि त्याच चॅनलवर रात्रीचे ११ वाजले की एक पाटी यायची, आता जे लागणार आहे त्यातली मतं आमची नाहीत, आणि लगेच सूट-टायमधले ऐंशी पार केलेले टीव्ही प्रीचर पॅट रॉबर्टसन हजर. बातम्या, बायबल, अमक्याचा आजार प्रार्थनेने बरा झाला, तमक्याचं कर्ज फिटलं, आणि मग देणगीसाठी फोन नंबर. तेव्हा १५ वर्षांची प्रेक्षक बहुधा रिमोट शोधत असणार.

आता डिस्नेला काही हे दाखवायची हौस नव्हती, करारात तसं लिहिलेलंच होतं. तो करार कुठून आला हे नीट बघितलं ना, की तरुणांसाठी ख्रिस्ती टीव्ही काढायचं एवढं अवघड का आहे ते आपोआप कळतं. लोक म्हणतात मुलांना देवाधर्मात इंटरेस्टच नाही हो. असेल किंवा नसेल, पण माझ्या मते खरी गोची पैशात आहे. ज्या पोरासाठी कार्यक्रम करायचा त्याच्या खिशात दमडी नाही, आणि ज्याच्या खिशात आहे त्याला त्या पोराची आवड बघवत नाही.

थोडं मागे जाऊ. अमेरिकेत टीव्ही स्टेशनला लायसन्स देणारी सरकारी संस्था म्हणजे एफसीसी. लायसन्स टिकवायचं तर स्टेशनने थोडा वेळ लोकहितासाठी द्यायचा, त्यात धर्माचे कार्यक्रम मोजले जायचे, आणि मोठी नेटवर्क्स हा वेळ फुकट द्यायची. पण कुणाला, तर जुन्या वजनदार मंडळींना, म्हणजे कॅथलिक, ज्यू आणि मोठी प्रोटेस्टंट चर्चेस. इव्हँजेलिकल लोक, म्हणजे ते 'नवा जन्म घ्या, साक्ष द्या' वाले, यांना दारातसुद्धा कोणी उभं करत नसे, त्यांना वेळ विकतच घ्यावा लागायचा. मग १९६० मध्ये एफसीसीने सांगितलं की पैसे घेऊन दाखवलेला धार्मिक कार्यक्रमही आम्ही लोकहितात धरू. झालं, स्टेशनवाल्यांनी हिशोब केला की फुकट का द्यायचं, जो पैसे मोजेल त्याला देऊ. तेव्हापासून अमेरिकेतला धार्मिक टीव्ही हा विकतच्या वेळेचा आणि देणगीचा खेळ झाला. आपल्याकडे सकाळी आस्था किंवा संस्कार लावला की महाराजांचं प्रवचन चालू असतं आणि खाली पट्टीवर बँकेचा अकाउंट नंबर सरकत असतो, साधारण तोच प्रकार.

रॉबर्टसन यांनी वेळ विकत घेण्याऐवजी स्टेशनच घेतलं. व्हर्जिनिया राज्यातल्या पोर्ट्समथ गावात एक बंद पडलेलं स्टेशन होतं, ते घेऊन १ ऑक्टोबर १९६१ ला त्यांचं सीबीएन सुरू झालं. पैसे कायम तुटपुंजे. १९६३ मध्ये त्यांनी टेलिथॉन केला, म्हणजे स्टुडिओत फोन मांडून बसायचं आणि टीव्हीवरूनच लोकांना मदत मागायची. मागणी अगदी नेमकी होती, ७०० माणसं पाहिजेत, प्रत्येकाने महिन्याला १० डॉलर द्यायचे, म्हणजे महिन्याचा ७,००० डॉलरचा खर्च निघेल. '७०० क्लब' हे नाव त्यातूनच आलं. मला ही आयडिया मनापासून हुशार वाटते, कारण प्रेक्षक एकदम मेंबर झाला, तो आता 'आपला चॅनल' म्हणायला लागला. पण त्याच क्षणी हेही ठरून गेलं की चॅनल या ७०० जणांना विचारूनच चालणार, आणि दर महिन्याला न चुकता चेक पाठवणारा माणूस सोळा वर्षांचा नसतो.

कॅथलिकांचं ईडब्ल्यूटीएन बघा. मदर अँजेलिका नावाच्या खमक्या सिस्टरनी १९८१ मध्ये अलाबामात मठाच्या गॅरेजमध्ये सुरू केलेला चॅनल, जाहिरात एकही नाही, सगळं देणगीवर. त्या कार्यक्रमाच्या शेवटी प्रेक्षकांना सांगायच्या की आम्हाला तुमच्या गॅसच्या बिलाच्या आणि लाइटच्या बिलाच्या मध्ये ठेवा. किती साधं आणि किती बरोब्बर. पण गॅसचं बिल कोण भरतं? आई-बाप, आजी-आजोबा. याच चॅनलने पुढे तरुणांसाठी 'लाइफ ऑन द रॉक' म्हणून टॉक शो काढला, समोर पोरं बसवून, आणि तो बरीच वर्षं चालला. चांगलं केलं, पण तोही घरातल्या मोठ्यांच्या बिलांमधूनच चालला.

आता तरुणांची बाजू. १९६० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात हिप्पी पोरं येशूकडे वळायला लागली, समुद्रात बाप्तिस्मे व्हायला लागले, आणि ही पोरं गिटार घेऊनच चर्चमध्ये आली. त्यातून ख्रिस्ती रॉक तयार झालं. १९८१ मध्ये एमटीव्ही आला आणि गाणं हे बघायची गोष्ट झाली. त्यातच स्ट्रायपर नावाचा बँड, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे टाइट कपडे, केसांचे डोंगर, हेवी मेटल, आणि कॉन्सर्टमध्ये स्टेजवरून पब्लिकमध्ये काय फेकायचे तर बायबलच्या प्रती. एमटीव्हीवर त्यांचे व्हिडिओ चालायचे. मुलांना हे प्रचंड आवडत होतं आणि नेमकं त्याच वेळी जिमी स्वॅगार्ट, म्हणजे त्या काळातला टीव्हीवरचा सगळ्यात गाजलेला प्रीचर, ख्रिस्ती रॉक म्हणजे मेंढराचं कातडं पांघरलेला लांडगा आहे असं पुस्तक लिहीत होता, १९८७ साली. ज्यांच्या चेकवर ख्रिस्ती टीव्ही चालायचा ते लोक कुणाच्या बाजूने असणार हे सांगायला नको. (पुढच्याच वर्षी स्वॅगार्ट स्वतः एका भानगडीत सापडले आणि टीव्हीवर ढसाढसा रडून माफी मागावी लागली, त्याच्या आदल्या वर्षी जिम बेकर या दुसऱ्या टीव्ही प्रीचरचं प्रकरण बाहेर आलेलं. म्हणजे पोरांना उपदेश करायची मोठ्यांची पत तेव्हा काय राहिली असेल बघा.)

मग या कोंडीतून वाट काढायची कशी? सीबीएनने काढलेली वाट जाहिरातींची. १९७७ मध्येच त्यांनी सॅटेलाइटवरून केबलवाल्यांना चॅनल द्यायला सुरुवात केली होती, तेव्हा हे करणारे फार थोडे होते. १९८१ च्या सुमारास त्यांनी नुसतं धार्मिक दाखवणं कमी केलं आणि जुन्या काउबॉयच्या मालिका, स्वच्छ कॉमेड्या, घरात सगळ्यांनी बसून बघावं असं दाखवायला लागले, मधेमधे जाहिराती, आणि रोज '७०० क्लब' आहेच. हे इतकं चाललं की वेगळाच प्रॉब्लेम आला. सीबीएन ही धर्मादाय संस्था, तिला टॅक्स माफ, पण अशी संस्था बक्कळ नफ्याचा धंदा करायला लागली तर ती सवलत धोक्यात येते. म्हणून १९९० मध्ये चॅनल वेगळ्या कंपनीत काढला, ती रॉबर्टसन बापलेकांच्या हातात. १९९७ मध्ये ती कंपनी रूपर्ट मर्डोक यांच्या फॉक्सच्या गटाला विकली, १.९ अब्ज डॉलरला. त्यातले बरेच पैसे सीबीएनला आणि रॉबर्टसन यांच्याच रीजंट विद्यापीठाला गेले, आणि विकताना अट घातली की चॅनल कुणाकडेही गेला तरी '७०० क्लब' दाखवावाच लागेल. फॉक्सने २००१ मध्ये तो डिस्नेला विकला, पाच अब्ज डॉलरच्या वर किंमत लावून, तेव्हा अटही बरोबर गेली. २०१६ मध्ये नाव बदलून फ्रीफॉर्म झालं, तरी अट तशीच.

म्हणजे गंमत बघा, चर्चवाल्यांनी काढलेल्या चॅनलपैकी तरुणांपर्यंत सगळ्यात जास्त पोहोचला तो हाच, पण तिथवर पोचेस्तोवर त्यातला धर्म गळून '७०० क्लब'च्या स्लॉटपुरता उरला. जाहिरातदाराला काय, त्याला शॅम्पू विकायचाय, लफडी दाखवून पोरी बसणार असतील तर लफडी दाखवा. धर्मादाय संस्थेच्या हातात पैसा आला, चॅनल गेला. रॉबर्टसन हरले असं मी म्हणणार नाही, २०२३ मध्ये ९३ व्या वर्षी वारले तोपर्यंत डिस्नेच्या चॅनलवर त्यांचा कार्यक्रम चालू होता, धंद्याच्या नजरेने बघितलं तर हा सौदा कमालीचा आहे.

दुसरी वाट टीबीएनची आणि इथे थोडं टेक्निकल समजून घ्यावं लागेल, पण कंटाळू नका, खरी मजा इथेच आहे. टीबीएन म्हणजे पॉल आणि जॅन क्राउच या जोडप्याने १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेलं नेटवर्क. ज्यांनी कधी बघितलंय त्यांना सोनेरी खुर्च्या आणि जॅनबाईंचा गुलाबी झाक मारणारा अवाढव्य केसांचा टोप विसरता येणार नाही. यांचाही टेलिथॉन असायचा, त्याचं नाव 'प्रेझ-अ-थॉन'. देणगीच्या पैशातून यांनी देशभर टॉवर घेतले, म्हणजे हवेतून सिग्नल सोडणारी स्वतःची स्टेशनं. ॲनालॉग काळात एका लायसन्सवर एकच चॅनल मावायचा. डिजिटल आल्यावर तेवढ्याच जागेत, म्हणजे ६ मेगाहर्ट्झमध्ये, साध्या क्वालिटीचे पाच-सहा चॅनल कोंबता यायला लागले. टॉवर तोच, लायसन्स तेच, जागा मात्र रिकामी पडलेली. मग टीबीएनने एकावर पाच लावले, मुख्य टीबीएन, चर्चच्या उपासना दाखवणारा चर्च चॅनल, स्पॅनिश एनलासे, लहान मुलांचा स्माइल ऑफ अ चाइल्ड, आणि १३ ते २९ वयाच्या पोरांसाठी २००२ मध्ये सुरू केलेला जेसीटीव्ही.

जेसीटीव्हीवर काय असायचं? ख्रिस्ती रॉक आणि हिपहॉपचे म्युझिक व्हिडिओ, स्केटबोर्ड आणि असले उड्या मारायचे खेळ, स्टँडअप कॉमेडी, यूथ पास्टरांच्या गप्पा. म्युझिक व्हिडिओ एवढे का, तर ते स्वस्त पडतात, रेकॉर्ड कंपनीलाच आपला बँड दिसायला हवा असतो. नाटक-मालिका करायला रायटर, सेट, नट लागतात, पैसा लागतो, तो नव्हता. आधीही एकांनी हा प्रयोग केला होता, झी म्युझिक नावाचा २४ तास ख्रिस्ती व्हिडिओ दाखवणारा चॅनल १९९३ मध्ये निघाला आणि २००० मध्ये बंद पडला. (आपल्या झीशी संबंध नाही.) तो जाहिरातीवर जगायचा प्रयत्न करत होता. जेसीटीव्हीला निदान ती काळजी नव्हती, मागे आजी-आजोबांच्या देणग्या होत्या.

पण अडलं कुठे, तर केबलमध्ये. अमेरिकेत १९९२ चा एक कायदा आहे, त्याला 'मस्ट कॅरी' म्हणतात, गावातल्या टीव्ही स्टेशनने मागणी केली की केबलवाल्याला ते दाखवावंच लागतं, फुकट. केबल कंपन्या याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १९९७ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी हरल्या. टीबीएनसारख्यांना हा कायदा म्हणजे लॉटरीच, नाहीतर शहरातला केबलवाला धार्मिक चॅनलला कशाला जागा देतोय. पण डिजिटल आल्यावर प्रश्न निघाला की एका स्टेशनचे पाच चॅनल असतील तर पाचही दाखवायचे का? धार्मिक चॅनलवाल्यांनी जोर लावला. २००५ मध्ये एफसीसीने निकाल दिला, नाही, फक्त एक. तो एक अर्थातच मुख्य टीबीएन, म्हणजे आजी-आजोबांचा. काही केबलवाल्यांनी जेसीटीव्ही आपणहून घेतला, पण सक्ती कुठेच नाही. आता तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक घरांत केबल किंवा डिश होती. म्हणजे एखाद्या पोराला जेसीटीव्ही बघायचाय तर घरातली चांगली केबल सोडून त्याने छपरावर अँटेना लावायचा! कोण लावणार हो? नेटवर्कच्या पत्रकात मात्र 'आम्ही तरुणांसाठी २४ तासांचा चॅनल चालवतो' हे लिहिता येत होतं आणि देणगीदाराला ते वाचून समाधान वाटत होतं.

आणि एक भानगड अशी की देणगीवर चालणाऱ्या चॅनलला टीआरपी नसला तरी चालतं. जाहिरातवाल्या चॅनलला पोरं पळाली की आठवड्यात कळतं, इथे कळायला काही मार्गच नाही, कारण पत्रं लिहिणारे आणि फोन करणारे मोठेच. त्यामुळे विषयसुद्धा मोठ्यांच्या काळजीतले निवडले जायचे, ड्रग्ज, सेक्स, वाईट संगत. त्या काळात 'ट्रू लव्ह वेट्स' ही मोहीम जोरात होती, सदर्न बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी १९९३ मध्ये सुरू केलेली, लग्नाआधी शरीरसंबंध ठेवणार नाही अशी शपथ लिहिलेली कार्डं पोरांनी सही करून द्यायची. १९९४ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर अशी दोन लाखांवर कार्डं जमिनीत खोचून ठेवली होती, फोटोत सगळं मैदान कार्डांनी भरलेलं दिसतं. कॅमेऱ्याला याहून चांगला सीन काय पाहिजे. पण त्यातल्या एखाद्या मुलीला रात्री झोप लागत नाही, किंवा देव आहे का असंच वाटायला लागलंय, यावर अर्धा तास बोलायला कोणी बसवत नव्हतं, कारण ते बघून देणगी देणाऱ्या काकू घाबरल्या असत्या. हे माझं मत, पण ख्रिस्ती तरुणांच्या टीव्हीचं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं असं मला वाटतं, पैशाच्या टंचाईपेक्षाही.

बाकीचं यूट्यूबने केलं. २००५ मध्ये यूट्यूब आलं आणि म्युझिक व्हिडिओसाठी टीव्हीसमोर बसायची गरजच संपली. २०१४ मध्ये जेसीटीव्हीचं नाव जूस टीव्ही केलं, मग त्याला लहान मुलांच्या स्माइल चॅनलबरोबर एकच जागा वाटून घ्यायला लावली, म्हणजे पंचविशीतला तरुण आणि चार वर्षांचं पोर एकाच चॅनलवर, हळूहळू विषय मिटला. चर्च चॅनलच्या जागी २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हिलसाँग चर्चबरोबर हिलसाँग चॅनल आणला, त्यांची गाणी तरुणांत जोरात होती, पण त्या चर्चमधलीच प्रकरणं एकामागून एक बाहेर आली आणि तोही गेला.

मग तरुण बघतात ते काय? इथे डॅलस जेंकिन्स या डायरेक्टरचा किस्सा सांगायलाच हवा. २०१७ मध्ये त्याचा एक सिनेमा आपटला. त्यानंतर त्याने इलिनॉयमधल्या आपल्या चर्चच्या नाताळच्या उपासनेसाठी एक छोटी फिल्म केली, येशूच्या जन्माची रात्र एका लंगड्या मेंढपाळाच्या नजरेतून, मित्राच्या शेतावर शूट केलेली. ती फेसबुकवर फिरली आणि त्यावरून लोकांकडे पैसे मागितले. देणगी मागितली नाही हं, शेअर विकले. अमेरिकेत २०१२ च्या एका कायद्यामुळे साध्या माणसालाही अशा छोट्या कंपनीत पैसे गुंतवता यायला लागले होते. हजारो लोकांनी मिळून १ कोटी डॉलरच्या वर रक्कम दिली आणि २०१९ मध्ये 'द चोझन' ही येशू आणि शिष्यांवरची मालिका आली. ॲपवर फुकट, आवडलं तर पुढच्या माणसाने बघावं म्हणून तुम्ही पैसे द्या.

हे ऐकायला पुन्हा देणगीच वाटतं पण एक फरक आहे, इथे पैसे देणारा आधी स्वतः बघतो, आवडलं की देतो. नाही आवडलं तर पुढचा सीझन निघत नाही. त्यामुळे लिहिणाऱ्यांना गोष्ट नीट लिहावी लागते. मत्तय हा जकातदार शिष्य यात ऑटिझम असलेला दाखवलाय, माणसांच्या नजरेला नजर न देणारा, सगळं मोजून-मापून करणारा, आणि ते काम भारतीय वंशाच्या पारस पटेल या अमेरिकन नटाने केलंय. शिष्य एकमेकांवर वैतागतात, येशू विनोद करतो. काही लोकांना हे बायबलमध्ये नसलेलं घुसडणं वाटतं आणि त्यांचा आक्षेप अगदीच उडवून लावण्यासारखा नाही, पण विशीतली पोरं एपिसोडमागून एपिसोड बघतात, हे आधीच्या चाळीस वर्षांत क्वचितच घडलं. पोर्टलंडचा बायबलप्रोजेक्ट तसाच, २०१४ पासून, लोकवर्गणीवर, छोटे ॲनिमेशन व्हिडिओ, ते तर सरळ यूट्यूबवरच. सुरुवात करताना दोघांनीही टॉवर, लायसन्स, केबल या लफड्यात पाऊलच ठेवलं नाही.

आपल्याकडे यातलं काय लागू होतं? तमिळ-तेलुगूत पहाटेचे विकतचे स्लॉट आणि आख्खे ख्रिस्ती चॅनलही चालतात, कारण तिथे प्रेक्षक आहे. मराठीत गणितच बसत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याच्या आसपास, जेमतेम ११ लाख, आणि त्यात वसईचे वेगळे, नगरचे वेगळे, शिवाय कोकणी, मल्याळी, तमिळ बोलणारे, कोणी कॅथलिक कोणी प्रोटेस्टंट. त्यातून तरुण वेगळे काढले तर किती उरतात? तेवढ्यांसाठी सॅटेलाइटचं भाडं भरा, वर केबलवाल्याने चॅनल दाखवावा म्हणून त्यालाच पैसे द्या, कोण करणार. त्यामुळे मराठी ख्रिस्ती पोरांचा टीव्ही म्हणजे मोबाइल. रेव्हरंड टिळकांची गाणी गिटारवर, नाताळात बोलीभाषेतले व्हिडिओ, आणि लॉकडाउनमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, लाइव्ह करायची वेळ आली तेव्हा कॅमेरा आणि ओबीएस हे लाइव्हचं सॉफ्टवेअर सांभाळायला ठिकठिकाणी ही पोरंच पुढे आली, कारण मोठ्यांना जमत नव्हतं. चॅनल चर्चच्या नावावर असतो, माइक आणि लाइट चर्चच्या नाहीतर तरुण संघाच्या पैशातून येतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी फादरनी किंवा पाळकसाहेबांनी एकदा बघून घेतल्याशिवाय व्हिडिओ अपलोड होत नाही. ज्यांना तेवढंही नको असतं ती पोरं स्वतःच्या नावाने वेगळा चॅनल काढतात आणि इअरफोनच्या माइकवर भागवतात.